स्कूटरला जादा चाकं बसवताय? आधी हे बघा

दिव्यांगांसाठी गिअरलेस स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जादा चाकं बसवतात. लोक तिला तीनचाकी म्हणतात. बाजारात तयार किट मिळतं. काही ठिकाणी वेल्डिंगवालाच पाइप-अँगल जोडून सांगाडा करून देतो.

जोडणी करताना भार बघावा लागतो. जादा चाकांवर तो जास्त आला, की खड्ड्यात मधलं चाक अधांतरी राहून नुसतंच फिरतं. गाडीला ओढ त्याच चाकाची. त्यामुळं बाजूच्या चाकांना शॉकअप हवेतच. शिवाय ही गाडी वळणावर कलत नाही. वेगात वळवली तर उलटू शकते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं दिव्यांगांच्या ‘अडॅप्टेड व्हेईकल’ला अटींसह मुभा दिली, मात्र वापर फक्त त्या व्यक्तीसाठीच. लायसन्सही त्याच प्रकारचं लागतं. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडकू शकतो. म्हणून वेल्डिंगवाल्याकडं जाण्याआधी आरटीओत चौकशी केलेली बरी.