बार्नार्ड कॅसल प्रकरण

बार्नार्ड कॅसल प्रकरण : कोविड-१९ महासाथीच्या पहिल्या टाळेबंदीत ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे मुख्य सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी केलेला प्रवास आणि तो उघडकीस आल्यावर मे २०२० मध्ये उसळलेला जनक्षोभ. बार्नार्ड कॅसल हे ईशान्य इंग्लंडमधील डरहॅम परगण्यातले, टीझ नदीकाठचे छोटे गाव. बाराव्या शतकातील किल्ल्याचे अवशेष आणि बोझ संग्रहालय ही त्याची जुनी ओळख. या प्रकरणानंतर ते जगभर ‘डोळे तपासण्याचे गाव’ म्हणून माहीत झाले.

पार्श्वभूमी : सरकारवरील विश्वासाला तडा जायला चाचण्यांपासूनच सुरुवात झाली होती. १२ मार्च २०२० रोजी सरकारने रुग्णालयाबाहेरील संशयितांच्या चाचण्या बंद केल्या. खोकला किंवा ताप असेल त्याने चाचणीविना घरीच थांबावे, असा आदेश निघाला. २३ मार्चला जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून टाळेबंदी जाहीर केली. आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी एप्रिलअखेर रोज एक लाख चाचण्या करण्याचे आश्वासन दिले आणि १ मे रोजी १,२२,३४७ चाचण्या झाल्याची घोषणा केली. यातली सुमारे ४० हजार ‘चाचण्या’ म्हणजे टपालाने किंवा इतर केंद्रांकडे नुसती रवाना केलेली किटे होती. ती कोणी वापरली, परत आली की नाही, याचा त्या आकड्याशी संबंध नव्हता. पुढे सांख्यिकी प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी आरोग्यमंत्र्यांना पत्र लिहून, परिस्थिती समजून घेण्यापेक्षा आकडा मोठा दाखवण्याकडे ओढा दिसतो, अशा अर्थाची कानउघाडणी केली. थोडक्यात, लोक घरात कोंडलेले, चाचणी मिळत नाही आणि रोज संध्याकाळी पत्रकार परिषदेत आकडे मात्र फुगलेले, असा तो काळ होता.

नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यांचे काय व्हायचे, याचा पायंडा तोवर पडला होता. स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅथरिन कॅल्डरवुड दोनदा फाइफमधल्या आपल्या दुसऱ्या घरी गेल्या. वृत्तपत्रात छायाचित्र छापून आले आणि ५ एप्रिलला त्यांनी पद सोडले. ज्यांच्या गणिती प्रारूपाने टाळेबंदीचा निर्णय व्हायला हातभार लावला, ते प्राध्यापक नील फर्ग्युसन यांनी टाळेबंदीत मैत्रिणीला घरी येऊ दिले होते. ते कळताच ५ मे रोजी त्यांनी शास्त्रीय सल्लागार गटातून अंग काढून घेतले. सापडला की राजीनामा, असा हा साधा हिशेब कमिंग्ज यांच्या बाबतीत बिघडला.

प्रवास : २७ मार्चला पंतप्रधान आणि आरोग्यमंत्री दोघेही बाधित असल्याचे जाहीर झाले. त्याच रात्री कमिंग्ज आजारी पत्नी आणि चार वर्षांच्या मुलासह लंडनहून सुमारे २६० मैल (४२० किमी.) गाडी चालवत डरहॅमजवळील वडिलांच्या शेतावर गेले. दोघेही आजारी पडलो तर मुलाला कोण सांभाळणार, हे त्यांनी नंतर दिलेले कारण. दुसऱ्याच दिवशी त्यांना स्वतःला लक्षणे दिसू लागली. १२ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, हे कुटुंब अर्ध्या तासाच्या अंतरावरील बार्नार्ड कॅसलला गेले, नदीकाठी पंधरा मिनिटे बसले आणि परतले. तो कमिंग्ज यांच्या पत्नीचा वाढदिवस होता. १३ एप्रिलला सगळे लंडनला परतले. पत्नी पत्रकार, तिने ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात या आजारपणावर लेख लिहिला, पण त्यात डरहॅमचे नावही नव्हते.

२२ मे रोजी ‘गार्डियन’ व ‘डेली मिरर’ यांनी बातमी फोडली. जॉन्सन यांनी दोन दिवसांनी पत्रकारांसमोर येऊन, कमिंग्ज बापाच्या अंतःप्रेरणेने आणि जबाबदारीने, कायदेशीरपणेच वागले, अशी ग्वाही दिली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हाच प्रकार. त्याच संध्याकाळी सनदी सेवेच्या अधिकृत ट्विटर खात्यावर, असल्या सत्याची मोडतोड करणाऱ्यांबरोबर काम करणे काय असेल, कल्पना करा, असा मजकूर झळकला. तो मिनिटांत पुसला गेला, पण तोवर हजारोंनी तो पुढे पाठवला होता.

गुलाबबागेतील खुलासा : २५ मे रोजी पंतप्रधान निवासाच्या मागच्या गुलाबबागेत कमिंग्ज यांनी पत्रकार परिषद घेतली. सल्लागाराने अशी परिषद घ्यावी, हेच ब्रिटनमध्ये अपूर्व होते. ठरल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा, टाय न लावता, पांढऱ्या शर्टात ते छोट्या टेबलामागे येऊन बसले आणि कागदावरून निवेदन वाचू लागले. समोर पत्रकार अंतर राखून मांडलेल्या खुर्च्यांवर. माफी नाही, खेद नाही. बार्नार्ड कॅसलला का गेलात, यावर उत्तर आले ते असे : आजारपणात दृष्टी अधू झाल्यासारखी वाटत होती, लंडनचा लांबचा पल्ला गाडी चालवत गाठता येईल की नाही, हे पाहायला ही छोटी फेरी मारली. गाडीत पत्नी आणि मूलही होते. ब्रिटनच्या वाहतूक नियमांनुसार चालकाला २० मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. ते तपासायला गाडी जागची हलवावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी मंत्री मायकेल गोव्ह यांनी रेडिओवर, आपणही पूर्वी कधीतरी नजर तपासायला गाडी चालवली आहे, असे सांगून सहकाऱ्याला वाचवण्याच्या नादात हसे करून घेतले.

प्रतिक्रिया : सगळा देश एकाच वेळी हसतही होता आणि संतापलेलाही होता. चष्म्याच्या दुकानांच्या जाहिरातींवर विनोद झाले, एका बिअर कंपनीने ‘बार्नार्ड कॅसल आय टेस्ट’ नावाची बिअर बाजारात आणली. पण खासदारांच्या टपालपेटीत येत होते ते वेगळेच. मरणाऱ्या आईचा हात धरता आला नाही, बाळंतपणात नवरा जवळ नव्हता, वडिलांच्या अंत्यविधीला मोजकीच माणसे होती, अशी हजारो पत्रे. लोकांना डरहॅमच्या प्रवासापेक्षा खुलासा जास्त झोंबला. नियमात पळवाट होती आणि ती शोधायला आपण कमी पडलो, असेच जणू त्यातून सूचित होत होते. ज्यांनी निमूटपणे नियम पाळले ते मूर्ख ठरले. कमिंग्ज यांना काढा, या मागणीच्या ऑनलाइन अर्जावर दहा लाखांवर सह्या झाल्या. इंग्लंडच्या चर्चचे बिशप उघड बोलले. हुजूर पक्षाच्याच चाळीसहून अधिक खासदारांनी राजीनामा मागितला आणि स्कॉटलंड खात्याचे कनिष्ठ मंत्री डग्लस रॉस यांनी स्वतःचे पद सोडले : आप्तांचा शेवटचा निरोप न घेऊ शकलेल्या माझ्या मतदारांना, तुम्ही सगळे चुकलात आणि एक सल्लागार बरोबर, असे मी सांगू शकत नाही, हे त्यांचे कारण. ब्रायटनच्या एका पाद्र्याने पत्रकार परिषदेत, मुलांच्या देखभालीसाठी प्रवास करून दंड भरलेल्या कुटुंबांचे पैसे परत करणार का, असे विचारले. हॅनकॉक यांनी विचार करू म्हटले, पण तसे काही होणार नाही, असे सरकारने लगेच स्पष्ट केले.

२८ मे रोजी दोन गोष्टी एकदम घडल्या. डरहॅम पोलिसांनी, शेतावर जाण्यात गुन्हा नाही, पण बार्नार्ड कॅसलची फेरी हा किरकोळ नियमभंग असू शकतो, कारवाई मात्र करणार नाही, असा निष्कर्ष दिला. आणि त्याच दिवशी इंग्लंडमध्ये चाचणी व संपर्कशोधाची नवी यंत्रणा सुरू झाली. बाधिताच्या संपर्कात आलेल्या धडधाकट माणसाने केवळ फोनवर सांगितले म्हणून १४ दिवस घरात बसायचे, आणि तेही कायद्याची सक्ती नसताना, नागरी कर्तव्य म्हणून, अशी तिची मांडणी होती. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

परिणाम : ‘लॅन्सेट’मध्ये ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी सुमारे ४० हजार लोकांची उत्तरे तपासली. साथ हाताळण्याबाबत सरकारवरील इंग्लंडमधील लोकांचा विश्वास २२ मेपासून घसरू लागला होता. स्वतःची सरकारे असलेल्या स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तशी घसरण नव्हती.

सप्टेंबरात शाळा उघडल्या आणि चाचण्यांचा पुन्हा तुटवडा पडला. संकेतस्थळ लोकांना शेकडो मैलांवरची केंद्रे सुचवू लागले. चाचणीसाठी खोकत्या मुलाला घेऊन लांब गाडी हाकायची, ही वेळ आता सामान्यांवर आली होती आणि टोमणा आपोआप तयार होता. याच सुमारास एक्सेलच्या फायलीत ओळी मावल्या नाहीत म्हणून १५,८४१ बाधितांची नोंद आकडेवारीतून निसटली. २८ सप्टेंबरपासून विलगीकरण कायद्याने सक्तीचे झाले. मोडल्यास हजार पौंडांपासून दंड आणि गरिबांना ५०० पौंडांची मदत. ही मदत आधीच दिली असती, तर रोजंदारीवरच्या माणसाला घरी बसणे परवडले असते. चाचणी व संपर्कशोधाच्या यंत्रणेसाठी दोन वर्षांत ३७ अब्ज पौंडांची तरतूद झाली. मार्च २०२१ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने तिच्या परिणामकारकतेचा स्पष्ट पुरावा नसल्याचे नमूद केले.

पुढील घटना : कमिंग्ज १३ नोव्हेंबर २०२० रोजी हातात खोके घेऊन पुढच्या दारानेच पंतप्रधान निवासातून बाहेर पडले, कारण अंतर्गत सत्तासंघर्ष, डरहॅम नव्हे. जून २०२१ मध्ये कार्यालयातील सहकारी स्त्रीबरोबरची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर हॅनकॉक गेले. त्यानंतर पंतप्रधान निवासातील मेजवान्यांचे प्रकरण बाहेर आले. २० मे २०२० रोजी, म्हणजे कमिंग्ज यांच्या खुलाशाच्या पाच दिवस आधी, त्याच बागेत ‘दारू आपापली आणा’ अशा निमंत्रणावर कर्मचारी जमले होते. मेट्रोपॉलिटन पोलिसांनी या मेजवान्यांबद्दल ८३ जणांना मिळून १२६ दंड केले. त्यात जॉन्सनही होते, पदावर असताना कायदा मोडल्याचे सिद्ध झालेले पहिले ब्रिटिश पंतप्रधान.

यातल्या सगळ्यांत कोर्टाची पायरी चढावी लागली ती स्कॉटिश नॅशनल पक्षाच्या खासदार मार्गारेट फेरियर यांना. लक्षणे दिसल्यावर चाचणी करून, निकाल येण्याआधीच त्या सप्टेंबर २०२० मध्ये रेल्वेने लंडनला गेल्या, संसदेत बोलल्या आणि बाधित असल्याचे कळल्यावरही रेल्वेनेच परतल्या. त्यांना २७० तासांच्या समाजसेवेची शिक्षा झाली. २०२३ मध्ये मतदारांनी त्यांना खासदारकीवरून परत बोलावले आणि ऑक्टोबरातील पोटनिवडणुकीत ती जागा मजूर पक्षाने जिंकली.