लेल्यांचा भाद्रपद

यंदा आपले गणपती १४ सप्टेंबरला बसताहेत. ग्वाल्हेरच्याच एका जुन्या सरकारी नोकराचं म्हणणं लोकांनी ऐकलं असतं, तर ते १६ ऑगस्टलाच बसले असते आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत विसर्जनाचा चिखलही सागरतालावर वाळून गेला असता. त्या नोकराचं नाव विसाजी रघुनाथ लेले. कृष्णाजीपंत खासगीवाल्यांनी १८९२ साली ग्वाल्हेरचा दरबारी गणेशोत्सव पाहिला आणि ती कल्पना पुण्याला नेली, ही गोष्ट आपल्याकडे कुणी ना कुणी दरवर्षी सांगतंच आणि आपण ती अभिमानानं ऐकतो. त्याच काळात ज्यांनी गणेश चतुर्थीच्या महिन्यालाच हात घातला होता, ते लेले मात्र आपल्या स्मरणिकेत कधी आल्याचं मला आठवत नाही.

लेले मूळचे नाशिकचे, जन्म १८२७चा. शिंदे सरकारच्या नोकरीसाठी ते ग्वाल्हेरला आले आणि नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर पंचांगाचा वाद घातला. ‘स्फुटवक्ता अभियोगी’ या टोपणनावानं ते वर्तमानपत्रांत लिहीत. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या, सगळ्या महाराष्ट्राला वंद्य असलेल्या गणितज्ञालाही त्यांनी सोडलं नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा मोठा ग्रंथ १८९६ साली निघाला, त्यात लेल्यांची हकीकत आहे. दीक्षित त्यांचे साथीदारच. लेले, ठाण्याचे जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित या तिघांनी मिळून शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ पासून, सायन पंचांग काढलं.

भांडण कशाचं होतं, ते आधी सांगतो. सूर्य आकाशात कुठे आहे हे मोजायला एक आरंभबिंदू लागतो. दिवस-रात्र समान होतात त्या २१ मार्चच्या सुमाराच्या बिंदूपासून मोजलं की ते सायन, आणि आकाशातल्या ताऱ्यांच्या हिशेबानं ठरवलेल्या बिंदूपासून मोजलं की निरयन. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही बिंदू जवळजवळ एकच होते. तेव्हापासून ते हळूहळू, साधारण ७१-७२ वर्षांत एक अंश या गतीनं, एकमेकांपासून सरकत गेले. या अंतराला अयनांश म्हणतात, आणि आज ते सुमारे २४ अंश आहे. आपण १४ जानेवारीला संक्रांतीचा तिळगूळ वाटतो, पण सूर्य उत्तरेकडे वळलेला असतो २१-२२ डिसेंबरलाच.

दक्षिणेतून इकडे आलेल्या घरांचं पंचांग ग्रहलाघवी होतं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये रचलेल्या ग्रंथावरून ते करत. आकडेमोड सोपी कशी करावी, याचा तो ग्रंथ म्हणजे एक नमुनाच. दिवसांची लांबलचक संख्या हाताळावी लागू नये म्हणून त्यांनी ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक ‘चक्र’ धरलं, आणि ज्या-चापाची, म्हणजे आजच्या भाषेत त्रिकोणमितीची, कोष्टकं पार टाळली. अयनांशाची त्यांची रीत तर चौथीच्या मुलालाही जमेल. शकातून ४४४ वजा करा आणि ६०नं भागा. शके १८०६चे १३६२ उरतात, म्हणजे २२ अंश ४२ कला. छत्र्यांनी १८६० साली मराठीत ग्रहसाधनाची नवी कोष्टकं छापली आणि शके १७८७ पासून निघालेल्या पटवर्धनी पंचांगात रेवतीच्या ताऱ्यापासून मोजायला सुरुवात केली. त्यांचे अयनांश येत सुमारे १८. लेल्यांचं म्हणणं असं, की १८ की २२ हा वाद हवाच कशाला? ऋतू सूर्यावर चालतात, सण ऋतूंना बांधलेले आहेत, तेव्हा अयनांश सोडून द्या आणि सायन धरा.

मी हे सगळं वाचलं होतं, पण यात माझा गणपती कुठे बसतो, ते कळत नव्हतं. मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेला माणूस. खगोलशास्त्राशी माझा संबंध म्हणजे चंद्रग्रहणाच्या रात्री गच्चीवर जाणं, एवढाच. मात्र काही वर्षांपूर्वी पावसाचे आकडे नीट मांडता यावेत म्हणून आम्हाला ‘आर’ नावाची संगणकाची भाषा शिकवली गेली. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती घडवली. ती फुकट मिळते, आणि आकडेमोड नि आलेख हेच तिचं मुख्य काम. तिची पहिली पक्की आवृत्ती २९ फेब्रुवारी २०००ला निघाली. शतकाच्या वर्षात २९ फेब्रुवारी चारशे वर्षांतून एकदाच येतो. दिनदर्शिकेचा किडा डोक्यात असलेल्या माणसाला हा योग आवडणारच.

तर प्रश्न असा मांडला. ज्या चांद्रमासात सूर्य कन्या राशीत शिरतो, तो भाद्रपद. ज्यात तो कुठल्याच राशीत शिरत नाही, तो अधिक. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर, त्यामुळे सायन असो की निरयन, चतुर्थी तीच राहते, कारण दोघांतून सारखेच अंश वजा होतात. बदलतं ते महिन्याचं नाव. म्हणून दोनच गोष्टी हव्या होत्या, दर अमावास्या किती वाजता संपते आणि सूर्य कन्येत केव्हा जातो. बेल्जियमच्या जाँ मेयस यांच्या पुस्तकातली सूत्रं घेतली. सूर्याचं सूत्र लहान आहे. चंद्राचं मात्र पदांमागून पदं जोडत न्यावं लागतं. तो वाकडातिकडा चालतो, हे आपल्या पूर्वजांनाही चांगलंच ठाऊक होतं.

सूत्र दिलेल्या वेळेला ग्रह कुठे आहे ते सांगतं. मला पाहिजे होतं उलटं, ठरावीक जागी तो किती वाजता येतो ते. यासाठी ‘आर’मध्ये ‘युनिरूट’ नावाचं साधन आहे. त्याला दोन वेळा द्यायच्या, एकीला उत्तर ऋण आलं पाहिजे आणि दुसरीला धन. मग ते मधल्या जागेत चाचपत शून्यावर जाऊन थांबतं. माझ्या पहिल्या यादीत एका महिन्यात दोन-दोन अमावास्या आल्या. आलेख काढला तेव्हा घोळ दिसला. चंद्र-सूर्यातलं अंतर ० पासून ३६० पर्यंत चढतं आणि मग एकदम परत ० वर येतं. आलेखात ती उडी सरळ उभ्या रेघेसारखी दिसत होती, आणि माझ्या मांडणीत युनिरूट त्या रेघेलाच उत्तर समजून बसत होतं. १८० च्या वरचं अंतर ऋण धरलं, म्हणजे उडी पौर्णिमेला गेली आणि अमावास्येपाशी रेघ सलग झाली. एवढ्यासाठी दोन रविवार गेले. आलेख काढला नसता तर अजूनही शोधतच असतो.

दुसरी चूक बाबांनी पकडली. त्यांनी माझा कागद दाते पंचांगाशेजारी ठेवला आणि म्हणाले, “अरे, तुझी आषाढी अमावास्या २४ जुलैला संपते आणि इथे तर मध्यरात्र उलटून गेलेली आहे. एक दिवस गेला कुठे?” दिवस गेला होता ग्रिनिचला. २०२५ ची ती अमावास्या आपल्या घड्याळानं २५ जुलैच्या रात्री पाऊण वाजायच्या सुमारास संपली, पण माझ्याकडच्या ‘आर’च्या जुन्या आवृत्तीनं वेळेतून तारीख काढताना ग्रिनिचचा दिवस घेतला. साडेपाच तासांत तारीख बदलली. भारतीय वेळ स्पष्ट सांगितल्यावर बाबांचं पंचांग आणि माझा कागद जुळले. खुद्द ग्वाल्हेरचा सूर्य प्रमाणवेळेच्या आणखी सतरा मिनिटं मागे आहे, पण ती सतरा मिनिटं मी सोडून दिली.

मग २००१ ते २०२५ या पंचवीस वर्षांचा आलेख काढला. आडव्या रेघेवर वर्षं, उभ्या रेघेवर तारखा. आपल्या गणेश चतुर्थ्या काळ्या टिंबांनी, लेल्यांच्या लाल टिंबांनी. काळी टिंबं २२ ऑगस्ट ते १९ सप्टेंबर या पट्ट्यात फिरतात, तर लाल टिंबं २८ जुलै ते २५ ऑगस्ट. दोन्ही टिंबं एकमेकांवर पडतात ती फक्त चार वर्षं, २००१, २००९, २०१७ आणि २०२०. उरलेल्या २१ वर्षांत लेल्यांचा गणपती आपल्याहून एक महिना आधी, आपल्या श्रावणातल्या चतुर्थीला (काही वर्षी ती अधिक मासातलीही असते). एखाद-दुसऱ्या वर्षी फरक पडत असेल, असा माझा समज होता, तो साफ चुकला. कारण सोपं आहे. सूर्य सायन कन्येत २३ ऑगस्टच्या सुमारास जातो, निरयन कन्येत १७ सप्टेंबरच्या सुमारास. मध्ये पंचवीस दिवस आणि चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. दोन्ही तारखा एकाच महिन्यात मावायला जागाच कमी.

सगळ्यांत चुटपुट लावणारं वर्ष गेलं, २०२५चं. २३ ऑगस्टला पहाटे दोनच्या सुमारास सूर्य सायन कन्येत गेला, आणि अमावास्या संपली त्याच दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास. साडेनऊ तास सूर्य थांबला असता, तर लेल्यांचा गणपतीही आपल्याबरोबर २७ ऑगस्टलाच बसला असता. तो थांबला नाही, म्हणून लेल्यांची चतुर्थी २८ जुलैला, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. पुढचा अख्खा महिना त्यांच्या हिशेबानं अधिक आश्विन. यंदा आपण अधिक ज्येष्ठ पाळला, त्यांचा अधिक तेव्हाच उरकला असता.

एक महिन्याचा फरक ही केवळ कागदावरची गंमत आहे, असं कुणाला वाटेल, म्हणून २०२३ची आठवण देतो. लोकमान्य टिळकांनीही पंचांगशोधनात लक्ष घातलं होतं. १९०४ मध्ये मुंबईला आणि १९२० मध्ये सांगलीला त्यासाठी परिषदा भरल्या, आणि छत्र्यांसारखाच रेवतीचा तारा धरणारं टिळक पंचांग पुढे रूढ झालं. त्याची संक्रांत आपल्या पंचांगाहून साधारण चार दिवस आधी येते. २०२३ साली अमावास्या नेमकी त्या चार दिवसांच्या मध्ये पडली. रत्नागिरीकडे टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती २० ऑगस्टला आले, आपल्याकडे १९ सप्टेंबरला. एकाच आडनावाच्या दोन घरांत एक महिन्याच्या अंतरानं आरत्या झाल्या. माझ्या ‘आर’च्या यादीत अयनांश चार अंशांनी कमी केले, तर बरोबर हेच उत्तर येतं. आणि गंमत म्हणजे त्या वर्षी लेल्यांचंही उत्तर २० ऑगस्टच.

इथल्या हिंदी भाषिक शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावास्येला, तरी त्यांची आणि आपली गणेश चतुर्थी एकच, कारण शुक्ल पक्षाचं नाव दोघांचंही सारखं. आमच्या ऑफिसात जन्माष्टमीच्या वेळी यावरून दरवर्षी चर्चा होते. ‘तुमचा श्रावण, आमचा भाद्रपद’ म्हणत सुट्टी मात्र सगळे एकाच दिवशी घेतात.

लेल्यांचं सायन पंचांग घरांत रुजलं नाही. माझं मत विचाराल, तर गणितात लेलेच बरोबर होते. संक्रांतीला आपण उत्तरायण म्हणतो, ते आकाशाकडे न बघता म्हणतो. पण श्रावणातली चतुर्थी भाद्रपदातली म्हणून आईच्या गळी उतरवायची, हे काम मी तरी अंगावर घेणार नाही. मंगळागौर आणि गणपती एकाच महिन्यात म्हटल्यावर तिनं माझ्या आलेखाकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती पुरेशी बोलकी होती.

घरांनी नाकारलेलं सायन सरकारनं मात्र घेतलं. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. तीत नागपूरचे के. ल. दफ्तरी होते, जवळच्या उज्जैनच्या माधव कॉलेजातले प्रा. वैद्य होते, आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. गणेशोत्सवाच्या साठ वर्षांचा इतिहास लिहिणारे करंदीकर ते हेच. समितीनं १९५५ च्या अहवालात तोडगा काढला. सणांसाठी अयनांश ठरवून निरयनच ठेवलं, आणि सरकारी कामासाठी सायन वर्ष दिलं. २२ मार्च १९५७ पासून, चैत्र १, शक १८७९ या दिवसापासून, ते चालू आहे. त्यातला भाद्र सुरू होतो २३ ऑगस्टला, म्हणजे जवळपास तेव्हाच, जेव्हा लेल्यांचा सूर्य कन्येत शिरतो.

आमच्या टेबलावर मध्यप्रदेश राजपत्र येतं, त्याच्या मथळ्यावर इंग्रजी तारखेशेजारी ती दुसरी तारीख असते. इतकी वर्षं मी ती वाचलीच नव्हती. गेल्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला, २७ ऑगस्टला, ती भाद्र ५, शक १९४७ अशी होती. शिंद्यांच्या चाकरीतल्या त्या माणसाचं मोजमाप ग्वाल्हेरच्या दफ्तरात परत आलं ते असं, आणि आम्ही त्यावर आवक क्रमांक टाकून फाईल पुढे सरकवतो.

आलेख पुढेही वाढवला आहे. पुढच्या वर्षी आपले गणपती ४ सप्टेंबरला, लाल टिंब पुन्हा एक महिना अलीकडे. त्यानंतर २०२८ साली, २३ ऑगस्टला, काळं टिंब लाल टिंबावर पडतं.