ठसा आणि उद्बोधक

ज्या शास्त्रज्ञाने स्मृतिशास्त्राला त्याचा मूळ शब्द दिला, त्याचेच नाव पुढे त्या शास्त्राच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले. रिचर्ड झेमोन हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ. १९०४ साली त्याने 'डी म्नेमे' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अनुभव सजीव द्रव्यावर जो टिकाऊ ठसा उमटवितो त्यास त्याने 'एनग्राम' म्हटले, आणि तो ठसा पुन्हा जागा होण्याच्या क्रियेस 'एकफोरी' असे निराळे नाव दिले. आपल्या नैयायिकांनीही 'संस्कार' आणि त्यास जागविणारा 'उद्बोधक' असा भेद केलेला आहे. झेमोनच्या भेदाकडे मात्र समकालीनांनी फारसे लक्ष दिले नाही. १९१८ साली म्यूनिक येथे त्याने आपल्या हातांनी जीवितयात्रा संपविली.

हा ठसा मेंदूत असतो तरी कोठे? अमेरिकेत कार्ल लॅशलीने उंदरांना चक्रव्यूहातील वाट शिकविली, मेंदूच्या बाह्यस्तराचे निरनिराळे भाग कापले, आणि वाट आठवते काय ते पाहिले. सुमारे तीन दशकांच्या शोधानंतर, १९५० साली, स्मृतीचे एकच एक घर सापडत नाही, अशी कबुली त्याला द्यावी लागली. परंतु त्याचाच शिष्य डोनाल्ड हेब याने १९४९ सालीच मार्ग सुचविला होता : एकत्र उद्दीपित होणाऱ्या पेशींमधील बंध दृढ होतात, त्यांचा समूह बनतो, आणि त्यातील काही जागल्या की सारा समूह जागतो.

२०१२ साली सुसुमू तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने याची प्रचीती दिली. भय शिकताना उंदराच्या मेंदूतील ज्या पेशी जागल्या, त्यांनाच पुढे निराळ्या पिंजऱ्यात प्रकाशाने चेतविले. उंदीर भयाने थिजला. २०१५ चा प्रयोग अधिक विलक्षण होता. शिकण्यानंतर लगेच प्रथिननिर्मिती रोखल्याने उंदीर ते भय विसरले. पूर्वीचा पिंजराही त्यांना ते आठवून देईना. तथापि त्याच पेशींवर प्रकाश पडताच भय परतले. ठसा शिल्लक होता. त्याच्यापर्यंतची वाट तेवढी हरवली होती.

उंदरांवरील निष्कर्ष माणसाच्या प्रत्येक विस्मृतीस लागू करणे धाडसाचे ठरेल. परंतु 'विसरले' म्हणजे 'पुसले' हे समीकरण आता स्वयंसिद्ध राहिलेले नाही. १९८२ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल शॅक्टर याने झेमोनवर ग्रंथ लिहून त्यास विस्मृतीतून वर काढले. ग्रंथालयाच्या कपाटात ठसा होताच. उद्बोधक मिळण्याचीच काय ती खोटी होती.