फुलांचा बहर का ओसरला?

६ ऑक्टोबर १९६७ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात, हेट-अ‍ॅशबरी या वस्तीतून एक विलक्षण अंत्ययात्रा निघाली. खांद्यावर शवपेटी होती. पण तिच्यात मृतदेह नव्हता, हिप्पी जीवनाची बाह्य चिन्हे तेवढी होती. प्रसारमाध्यमांनी जन्माला घातलेला 'हिप्पी' आता मेला, असे सांगणारे ते लोक त्याच वस्तीतले होते. ज्यांनी स्वप्न पाहिले त्यांनीच त्याला निरोप द्यावा, असे का घडले?

आपल्याकडे 'हिप्पी' हा शब्द बहुधा केस वाढवणाऱ्या मुलाला रागावण्यापुरताच वापरला गेला. त्यामुळे त्या तरुणांचे मूळ म्हणणे आपण फारसे ऐकलेच नाही. महायुद्धानंतरच्या सुबत्तेत ही पिढी वाढली. घर, मोटार आणि नोकरी यांपलीकडे जीवनाला अर्थ आहे की नाही, हा तिचा प्रश्न होता. समोर अणुबाँब होता, वर्णभेद होता आणि व्हिएतनामचे युद्ध होते. १४ जानेवारी १९६७ रोजी गोल्डन गेट उद्यानात हजारो तरुण जमले, ते नव्या मानवी नात्याच्या ओढीने. थिओडोर रोझॅक यांच्या १९६९ च्या ग्रंथाने या साऱ्याला 'प्रतिसंस्कृती' हे नाव रूढ करून दिले.

या बहराचा शेवट ६ डिसेंबर १९६९ रोजी झाला, असे पुष्कळदा लिहिले जाते. त्या दिवशी कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे, विनामूल्य संगीत मेळाव्यात, अठरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाला व्यासपीठासमोरच भोसकून मारण्यात आले. चारच महिन्यांपूर्वी वुडस्टॉक येथे सुमारे चार लाख तरुण शांततेने एकत्र राहिले होते. हा विरोध मनाला चटका लावतो खरा; पण आम्हांस ही तारीख उशिराची वाटते. ओहोटी दोन वर्षे आधीच लागली होती.

हेट-अ‍ॅशबरीत 'डिगर्स' नावाचा एक गट होता. १६४९ साली इंग्लंडमध्ये पडीक जमीन सर्वांसाठी कसू पाहणाऱ्या गरिबांचे हे नाव त्यांनी घेतले होते. १९६६ च्या शरद ऋतूपासून ते उद्यानात भुकेल्यांना फुकट जेवण देत. त्यांचे एक दुकान होते, तेथे कोणत्याही वस्तूला किंमत नव्हती. मात्र बाजारातून उरलेली भाजी गोळा करून आणणे आणि ती शिजवणे, हे कष्ट बहुतांशी स्त्रियांच्याच वाट्याला येत. मुक्तीच्या घोषणेतही चूल कोणी फुंकायची, हे जुन्याच रीतीने ठरले होते.

१९६७ च्या उन्हाळ्यात प्रसिद्धीच्या ओढीने या लहानशा वस्तीत एक लाखाच्या आसपास तरुण लोटले, असा अंदाज आहे. राहायला जागा पुरेना, अन्न पुरेना, रोग पसरले. अमली पदार्थांनी आधी दिव्यदर्शनाचे आश्वासन दिले आणि मागाहून माणसे गिळली. प्रवासी बसगाड्या भरून लोक 'हिप्पी' बघायला येऊ लागले. बाजाराने बंडाला विरोध केला नाही. त्याने बंडाच्या माळा आणि कपडे विकायला काढले. ऑक्टोबरातील शवपेटीचा अर्थ हाच होता.

पुढची वर्षे अधिक कठोर ठरली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी मरण पावले. १९७३ साली सक्तीची सैन्यभरती थांबली आणि अनेकांना एकत्र ठेवणारी निकडही सरली. त्याच वर्षी तेलटंचाई आली; बेफिकिरीला आधार देणारी सुबत्ता डळमळली. काही जण पूर्वेची वाट धरून गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर स्थिरावले. पण तेथेही कालांतराने पर्यटनाने त्या जीवनाचा बाजार मांडलाच.

मग काहीच उरले नाही काय? उरले. जून १९६७ मध्ये डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी त्याच वस्तीत मोफत दवाखाना उघडला. तेथे व्यसनी तरुणांना उपदेशाऐवजी उपचार मिळत. गर्दी पांगल्यावरही तो दवाखाना अनेक दशके चालला. १७ मे १९६८ रोजी केटन्सव्हिल येथे येशूसंघीय फादर डॅनिएल बेरिगन, त्यांचे धर्मगुरू बंधू फिलिप आणि इतर सात कॅथलिकांनी सैन्यभरतीची कागदपत्रे जाळली. ते पळाले नाहीत. प्रार्थना करीत पोलिसांची वाट पाहत तेथेच थांबले. त्यांच्या मार्गाविषयी मतभेद असू शकतात. पण आपल्या कृतीची किंमत आपणच मोजावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आमच्या मते त्या पिढीचे प्रश्न खोटे नव्हते. प्रेम ही भावना आहे तितकीच ती रोजची पाळी आहे, हे मात्र फार थोड्यांनी जाणले. ज्यांनी ती पाळी स्वीकारली, त्यांचे काम टिकले; इतरांचे स्वप्न ऋतूबरोबर ओसरले. म्हणून आपल्या अंगणात एखादी तरुण पिढी नवे स्वप्न घेऊन उभी राहील, तेव्हा तिच्या केसांकडे पाहून हसण्यापूर्वी आपण तिला एवढेच विचारावे : उद्या सकाळी चूल कोण पेटवणार? आणि त्या कामात आपलाही हात पुढे करावा.