मालक नसलेला खेळ

१९६१ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आपला नवाकोरा पीडीपी-१ संगणक अमेरिकेतल्या एमआयटीला भेट दिला. किंमत सुमारे १ लाख २० हजार डॉलर. सोबत एक गोल पडदा होता. या पडद्याची करामत दाखवायची कशी, यावर तिथल्या काही तरुणांनी खल केला आणि दोन अवकाशयानांची लढाई लावायचं ठरलं. १९६२मध्ये ‘स्पेसवॉर!’ हा खेळ उभा राहिला.

पहिली आवृत्ती स्टीव्ह रसेलची. पण तो तिथेच थांबला नाही, कारण बाकीचे थांबू देईनात. पार्श्वभूमीवरचे वाटेल तसे विखुरलेले ठिपके पीटर सॅमसनला खटकले; त्याने तिथे खऱ्या आकाशातले तारे बसवले. डॅन एडवर्ड्सने मधल्या ताऱ्याला गुरुत्वाकर्षण दिलं. कोंडीत सापडलेल्या यानाला गायब होऊन भलतीकडेच उगवण्याची सोय मार्टिन ग्रेट्झने केली. कागदी फितीवरचा हा प्रोग्रॅम मागेल त्याला मिळे.

यात दानशूरपणा नव्हता. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने संगणक प्रोग्रॅमची नोंदणी स्वीकारायला सुरुवात केली ती १९६४मध्ये. शिवाय जो खेळायला लाखभर डॉलरचं यंत्र लागतं, तो खेळ विकायचा कुणाला? मालकी कुणी सोडली नाही; ती सांगावी असं कुणाला सुचलंच नाही. खेळ सार्वजनिक झाला तो असा.

१९७१मध्ये नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी हीच कल्पना नाण्यावर चालणाऱ्या पेटीत घातली, ‘कॉम्प्युटर स्पेस’ या नावाने. पुढच्याच वर्षी दोघांनी अटारी स्थापन केली. एका उद्योगाचा पाया सगळ्यांच्या सामायिक जमिनीवर घातला गेला. कुंपणं नंतर आली. आज अमेरिकी कायद्यात कंपनीच्या मालकीच्या कृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षांचं संरक्षण आहे. म्हणजे १९८०चा ‘पॅकमॅन’ तिथे सार्वजनिक होणार २०७६मध्ये. तोवर त्या काळच्या चिपा आणि फ्लॉप्या टिकतील याचा भरवसा कोण देणार? आणि कंपनीच्या सर्व्हरवरच चालणारा खेळ तर सर्व्हर बंद झाला त्या दिवशीच संपतो.

माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये दुरुस्त केलेल्या पीडीपी-१वर ‘स्पेसवॉर!’ आजही चालवून दाखवतात. तो तिजोरीत जपला म्हणून टिकला नाही. हातोहात नकला झाल्या, म्हणून टिकला.