हे वचन कोणाचे?

चार माणसे, चार वाक्ये. कोणते वाक्य कोणाचे ते तर्काने ओळखावे, असे एक कोडे मुलांना घालण्यात येते. घालणाऱ्याला उत्तर ठाऊक असते, आणि ते एकच असते. मराठी गद्याच्या आरंभी याच जातीचे एक कोडे पडले होते. मात्र त्याचे उत्तर देऊ शकणारा पुरुष उत्तरापंथे निघून गेला होता.

श्रीचक्रधरस्वामींनी स्वहस्ते ग्रंथ लिहिला नाही. गोदातीरी हिंडताना ते बोलले आणि शिष्यांनी ऐकले. पुढे रिद्धपुरी म्हाइंभटांनी हे बोल एकत्र करण्याचे मनावर घेतले. नागदेवाचार्यांनी आपल्याला ठाऊक होते ते सांगितले. उरलेल्या लीळांसाठी, ज्याने त्या प्रत्यक्ष पाहिल्या वा ऐकल्या त्यालाच गाठणे भाग होते. 1278 च्या सुमारास सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ हे अशा साक्षींचे संकलन आहे.

त्यातील ‘एकांक’ हा भाग स्वामींच्या एकाकी भ्रमणाचा आहे. जेथे सोबतीला शिष्यच नव्हता, तेथे साक्षीदार कोण? उत्तर एकच संभवते: स्वामींनीच ते प्रसंग पुढे भक्तांना सांगितले. वाक्याचा कर्ता ठरला, की त्याचे मोलही ठरते.

हे मोल महानुभावांनी काटेकोरपणे ठरवले होते. सर्वज्ञांचे वचन ती श्रुती, आचार्यांचे ती स्मृती, त्यानंतरच्या वडीलधाऱ्यांचे तो वृद्धाचार. वचन एकाचे दुसऱ्याच्या नावावर गेले, तर आचारधर्माचा पायाच ढळायचा. म्हणून केशिराजबासांनी सर्वज्ञांची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ रचला. आणि प्रसंगावाचून वचनाचा अर्थ निसटू नये, यासाठी कोणते सूत्र कोठे व कोणास उद्देशून आले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ही तयार झाले.

चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवरील स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. ग्रंथ पुन्हा स्मरणातून उभा करावा लागला, आणि स्मरणे जुळेनात. हिराइसेचा पाठ एक, परशरामबासांचा दुसरा, रामेश्वरबासांचा तिसरा. एकच पाठ ठेवून बाकीचे पुसणे सोपे होते. पंथाने तसे केले नाही. निराळी आठवण ‘वासना’, ‘शोध’ अशा खुणांनी नोंदून ठेवली. हदीसच्या संग्राहकांनीही वचनाबरोबर ते सांगणाऱ्यांची साखळी जपली होती. दोन्हीकडे जाण एकच: काय सांगितले एवढ्याने भागत नाही, कोणी कोणाकडून ऐकले तेही पाहावे लागते.

सांकेतिक लिप्यांत दडलेले हे धन विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केल्यावर अभ्यासकांपुढे आले. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे यांनी ग्रंथ संपादिला; वि. भि. कोलते यांची आवृत्ती 1978 मध्ये निघाली. या संपादकांसमोरही जुनेच कोडे होते. दोन पोथ्या एक बोलल्या म्हणजे साक्षी दोन झाल्या असे नव्हे. एक दुसरीवरून उतरलेली असली, तर साक्ष एकच.

थोरांच्या तोंडी वाटेल ते वाक्य घालणे सोपे असते. सातशे वर्षांपूर्वी ज्या माणसांनी आपल्या गुरूचा शब्द प्राणापलीकडे जपला, त्यांनी तो जपताना आपापसांतला मतभेद लपवला नाही. त्यांच्या श्रद्धेची साक्ष याहून वेगळी कोणती हवी?