शहर आणि शिवार : पिंपळे सौदागरची हकीकत

शहर वाढलें म्हणजे घरें वाढलीं, अशी सर्वसाधारण समजूत असते. पुण्याच्या वायव्येस, पवनेच्या कांठीं वसलेल्या पिंपळे सौदागर या गांवाची हकीकत पाहिली म्हणजे ती समजूत किती अपुरी आहे हें ध्यानांत येतें. तेथें शहराच्या इमारती पोंचल्या त्या फार उशिरा. शहर मात्र त्यापूर्वीं कित्येक वर्षें शिवारांत शिरलेलें होतें.

पूर्वीचें नातें निराळें होतें. पेशवाईंत पुण्याच्या पेठा वाढत गेल्या, तशा भोंवतालच्या बागा वस्तींत आल्या. तुळशीबाग, बेलबाग हीं नांवें अजून त्याची साक्ष देतात. तुळशीबागेंत आज एक तुळस सोडून सारें कांहीं मिळतें, हा भाग वेगळा. पुढें १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचें धरण पुरें झालें. कालव्याच्या पाण्यावर हडपसर-मांजरीकडे उसाचे मळे उभे राहिले, आणि पुण्याचें सोनखत त्या उसास जाऊं लागलें. शहर शेताकडून घेई, तसें त्यास कांहीं परतही देई.

पिंपळे सौदागर त्या कालव्याच्या बाजूस नव्हतें. त्याच्या वांट्यास आली ती शहराची मजुरी. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं या गांवाची बारकाईनें पाहणी केली, व ती १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. एका खातेदाराकडे १७७१ सालीं सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ सालीं ती साडेसतरा एकरांवर आली, आणि १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर उरली. ही घट शहरानें केली नव्हती. ती भावाभावांच्या वांटण्यांनीं केली होती. पण पुढचे आंकडे अधिक बोलके आहेत. गांवच्या १०३ कुटुंबांपैकीं केवळ शेतीवर निभावणारीं ८. बाहेरच्या मिळकतीची जोड घेऊन निभावणारीं २८. आणि उरलेल्या ६७ घरांत जोड मिळूनही खर्चाची तोंडमिळवणी होत नसे. खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना होता, व गांवकरी तेथें कामास जात. पोट भरण्यास अपुरा असा जमिनीचा तुकडा माणसाच्या हातीं टिकला तो या मजुरीच्या बळावर. शेत शेतकऱ्याचें राहिलें, पण त्याचा संसार शेताचा राहिला नाहीं.

म्हणून पुढें जें घडलें तें झपाट्यानें घडलें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळानें त्या परिसरांत वसाहत उभारली. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. जवळच हिंजवडीस संगणक-उद्योग आल्यावर पिंपळे सौदागरचें शिवार उंच इमारतींनीं व्यापून गेलें. एकरांनीं मोजली जाणारी जमीन गुंठ्यांनीं, आणि गुंठ्यांची चौरस फुटांनीं मोजूं लागले.

या उलथापालथींत सर्वांचें नशीब सारखें नव्हतें. ज्याचें नांव सातबाऱ्यावर होतें त्यास, तुकडा कितीही लहान असो, किंमत मिळाली. दुसऱ्याच्या रानांत राबणाऱ्याकडे विकण्याजोगें कांहींच नव्हतें. जमीन विकली गेली तेव्हां त्याचें काम तेवढें गेलें.